चार फूट भरणी

कोपर हातात घेतलं आणि श्रुतिकाला कळलं, हे हाड बाबांनी मोडलेलं आहे.

फाइल तिने नीट वाचलीच नव्हती. घाटकोपरच्या त्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये सकाळपासूनचा हा सातवा पेशंट. वय एकाहत्तर, बाथरूममध्ये घसरून डाव्या हाताचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, प्लास्टर काढल्यावर कोपर आखडलेलं. खाली डॉक्टरांनी लाल पेनाने लिहिलं होतं, कोपराला जुनी मोड आहे, जोर लावू नये. एवढंच वाचून तिने एक हात दंडाखाली घातला, दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि कोपर वाकवायला सुरुवात केली. कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाड सुपारीएवढं वर आलेलं होतं. तिथून पुढचा हात सरळ न जाता बाहेरच्या बाजूला वळलेला, झाडाची फांदी मोडून तशीच जुळावी तसा. आणि मनगटाच्या चार बोटं वर, सुरकुतलेल्या कातडीत, गोंदलेला हिरवा विंचू. हा विंचू तिने वीस वर्षांपूर्वी अगदी एवढ्याच अंतरावरून पाहिला होता. तिला वाटलं आपली बोटं आता सुटतील. ती सुटली नाहीत. उलट घट्ट झाली.

“दुखतंय, बाई,” म्हातारा म्हणाला.

“दुखणारच. जुनं कधीचं आहे हे?”

“झाली बरीच वर्षं.”

माणिक. नाल्यावरचा माणिकदादा. तिने मान वर करून तोंडाकडे पाहिलं. गाल आत गेलेले, खालचे दात नाहीत, नाकावर ऑक्सिजनच्या नळीने पडतो तसा वळ. तो तिच्याकडे बघत नव्हता, छताच्या पंख्याकडे बघत होता, दुखणारी माणसं बघतात तसा. त्याने तिला ओळखायचं कारण नव्हतं. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, दोन वेण्या, काडीसारखे हात. आता चष्मा आहे, अंग भरलंय, गळ्यात ओळखपत्र आणि त्यावर सासरचं आडनाव. पडद्याबाहेर त्याची सून बसली होती, गंधाली. येताना तिनेच सांगितलं होतं, “पप्पा जरा घाबरट आहेत मॅडम, हळू घ्या.” घाबरट हा शब्द श्रुतिकाच्या कानात फिरत राहिला. शंभर मोजेपर्यंत शेक द्यायचा, मग वाकवायचं, मग पट्टीने कोन मोजायचा. तिने मोजला. पस्तीस अंश. वहीत लिहिला. हात व्यवस्थित काम करत होते आणि नाकात मात्र एक जुना वास चढत होता. तो वास तिला कुठेही ओळखता आला असता. लेथ मशिनचं जळकं तेल, गटार, आणि भिजलेलं सिमेंट.

पाणी दारातून आलं नव्हतं. लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही, सगळ्यांना वाटतं पूर म्हणजे लाट. साकीनाक्याच्या मागे, छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांच्या ओळी संपतात तिथे नाल्याच्या काठावर त्यांची खोली होती. हा नाला पुढे मिठी नदीला मिळतो, मिठी खाडीला. सव्वीस जुलैच्या त्या मंगळवारी शाळा लवकर सुटली, ती भिजून घरी आली, आई स्टोव्हवर चहा ठेवत होती, आणि लादीच्या सांध्यांतून पाण्याचे बारीक कोंब वर यायला लागले. बोटभर उंचीचे, सगळ्या खोलीत. आईने एका सांध्यावर पाय ठेवला तर दुसरीकडून आलं. दोघी हसल्यासुद्धा. अर्ध्या तासात ते पोटरीला लागलं आणि काळं झालं. गाळ्यांतून वाहून आलेला लोखंडाचा कीस त्यात होता, कुरळा, वस्तऱ्यासारखा. पाय हलवला की कातडी चिरायची आणि काळ्या पाण्यात रक्त दिसायचंही नाही, नुसती आग व्हायची. बाहेर कोणी तरी ओरडत होतं की खाडीला भरती आहे, पाणी जायला जागा नाही. मग बाहेरचे आवाज माणसांचे राहिले नाहीत. पत्रे फाटायचे आवाज. गॅसची सिलिंडरं एकमेकांवर आपटायची, देवळातल्या घंटांसारखी. एक म्हैस खिडकीच्या गजांना येऊन थडकली, तिचं डोकं आत, शिंगं गजांत अडकलेली, आणि पाणी वर चढत गेलं तशी ती गजांनाच लाथा मारत मेली. तिचा डोळा पाण्याखाली गेला तरी उघडा होता. श्रुतिका तिच्याकडे बघत राहिली म्हणून आईने तिच्या कानशिलात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. “तिका बघू नको. वर बघ!”

वर सिमेंटचे पत्रे होते. खोलीत उंच एकच गोष्ट होती, श्रुतिकाचं अभ्यासाचं लोखंडी टेबल, नाल्याकडच्या भिंतीला लावलेलं. आई त्याच्यावर चढली, तिला वर ओढलं, आणि वरवंट्याने पत्र्यावर घाव घालायला लागली. आईची साडी कमरेपर्यंत भिजलेली, केस सुटलेले, तोंडातून शिव्या, गावच्या, तिने कधी न ऐकलेल्या. प्रत्येक घावाला पत्र्याचे तुकडे आईच्या तोंडावर पडत होते. भोक पडलं तेव्हा आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत फाटले होते. तिने श्रुतिकाला मांड्यांना धरून वर ढकललं. पत्र्याच्या कडेने पोट सोलत श्रुतिका बाहेर निघाली, वळली आणि हात खाली घातला. आई टेबलावर उभी होती, छातीएवढ्या पाण्यात, वरवंटा अजून हातात. ती म्हणाली, “थांब, ह्यां भोक मोठा करतंय.” मग एक आवाज झाला. मोठा नाही. घशातून गिळल्यासारखा. टेबलाखालची लादी आत गेली, तिच्याबरोबर नाल्याकडची भिंत, आणि आई टेबलावर उभीच्या उभी खाली गेली. पडली नाही, बुडाली नाही. कोणी लिफ्टचं बटण दाबावं तशी गेली. भिंत होती तिथे नाला होता, आणि नाला माणसाच्या डोक्यापेक्षा उंचावरून धावत होता. श्रुतिकाचा हात तसाच खाली लोंबत राहिला. बाबांना तिने एवढंच सांगितलं, आईला पाण्याने नेलं. लादीचं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, वीस वर्षांत नाही.

“उद्या परत आणा,” ती गंधालीला म्हणाली.

“बरं होईल ना हो, मॅडम?”

“बघू.”

घरी मुलुंडला बाबा असतात, तिच्याकडेच. शहात्तर वर्षांचा धाकू, गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका गाळ्यात माल बांधायला लागलेला, आता दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसणारा. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, आज तोंड असां कित्याक, आणि ती म्हणाली, काही नाही, डोकं दुखतंय. नवरा चैतन्य ऑफिसच्या कामाने बंगळूरला होता. अंथरुणावर पडून ती आपल्या उजव्या तळहाताकडे बघत राहिली.

तीन दिवसांनी आई सापडली होती, पार खाली, खाडीच्या तोंडाशी खारफुटीत. फुगून दोन बायकांएवढी झालेली. तोंड नव्हतं. बाबांनी पायाची करंगळी बघून ओळखली, शेजारच्या बोटावर चढलेली, श्रुतिकाची आहे तशीच. वस्तीत घरटी चिखल, गुडघाभर, त्यात मेलेल्या कोंबड्या, रेशनकार्डं, टीव्ही, एका गाळ्यातल्या तीन कामगारांची प्रेतं मशिनला मिठी मारलेली. पुढे अहवाल निघाले. एका दिवसात नऊशे चव्वेचाळीस मिलिमीटर पाऊस, वर भरती, नाल्यांची रुंदी कमी झालेली, काठावर बेकायदा भराव. वस्तीत अहवाल कोणी वाचला नाही, पण भराव हा शब्द सगळ्यांना कळला, कारण भराव म्हणजे माणिक. त्याच्या गाड्या यायच्या, पाडलेल्या इमारतींचं डेब्रिज, भट्टीची राख, दगड, सगळं नाल्यात ओतून तो जमीन करायचा आणि त्यावर खोल्या विकायचा. बाबांनी गिरणीचा सगळा पैसा त्याच्याच हातात दिला होता. आईच्या तेराव्याला तो आला. पांढरा शर्ट, मागे टेम्पो, टेम्पोत तांदळाच्या पिशव्या. पहिली पिशवी त्याने बाबांच्या पुढे धरली आणि म्हणाला, “धाकू, देवाच्या मनात होतं, आपण काय करणार.”

बाबांनी पिशवी घेतली, खाली ठेवली, आणि चिखलातून पाण्याचा एक तुटका लोखंडी पाइप उपसला. पहिला फटका तोंडावर बसला. दात पडल्याचा आवाज आला, बांगडी फुटल्यासारखा. माणिक पळाला नाही, त्याला वाटलं असावं लोक सोडवतील. लोक पुढे आले आणि लाथा घालायला लागले. बायका आल्या, चपला घेऊन, एकीने कपडे धुवायचं धोपटणं आणलं. सगळे मुके होऊन मारत होते, तेच भयंकर होतं, नुसते दणके आणि श्वास. पांढरा शर्ट काळा झाला. तो गुडघ्यावर आला, मग कुशीवर, डावा हात डोक्यावर घेऊन. बाबा ओरडले, “हात! ह्याच हातान जागा मापून दिल्यान!” तो हात डोक्यावरून निघेना. तेव्हा श्रुतिका पुढे झाली. कोणी सांगितलं नव्हतं. तिने चिखलात गुडघे टेकले, दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं, हात सरळ ओढला आणि पडलेल्या भिंतीच्या एका तुकड्यावर दाबून धरला. तिच्या अंगठ्याखाली विंचू होता. ती म्हणाली, “मार, बाबा.” पाइप खाली आला तेव्हा तिच्या तळहातापर्यंत झिणझिण्या आल्या. नीट बसला नाही म्हणून परत आला. दुसऱ्या वेळेला हाड आतून बाहेर फिरलं आणि तिला जे वाटलं, ते तिने नंतर कोणालाही सांगितलं नाही. तिला बरं वाटलं होतं. तेरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं.

बाबांना पोलिसांनी नेलं. चार महिने आत. वस्तीतला एकही साक्षीदार बोलला नाही, आणि कोर्टात माणिकने सांगितलं, गर्दी होती, कोणी मारलं ते दिसलं नाही. बाबा सुटले. सगळे म्हणाले, बोलला असता तर त्याचीच भानगड बाहेर आली असती, भ्याला. श्रुतिकाही तेच समजत आली. बाबा आत असताना ती मामाकडे राहिली, दहावी झाली, बारावी झाली, हाडांचं आणि स्नायूंचं शिकायला गेली. मुलाखतीत विचारलं होतं, हेच क्षेत्र का? ती म्हणाली होती, माणसांना परत उभं करायला आवडतं.

दुसऱ्या दिवशी चाळीस अंश. तिसऱ्या दिवशी त्रेचाळीस. ती कमी बोलत होती, नेमकं करत होती. त्याला दुखायचं तिथे ती एक क्षण जास्त थांबायची, एवढंच. कोणाला सांगता येणार नाही असा एक क्षण. चौथ्या दिवशी दुपारी सेंटर रिकामं होतं, गंधाली बाहेर फोनवर बोलत होती, आणि पंख्याकडे बघता बघता माणिक म्हणाला, “तू धाकूची पोरगी ना?”

तिने कोन मोजायची पट्टी खाली ठेवली.

“तोंडावरून नाही ओळखलं. पकडीवरून ओळखलं. काल रात्री झोपेत कळलं मला. अंगठा असा आत दाबून धरतेस.”

“हात सैल सोडा.”

“धाकू आहे?”

“आहे.”

“बरं आहे.” तो परत पंख्याकडे बघायला लागला. “मनगट कोणी धरलं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. कोर्टात बोललो नाही. पोरगी होती, दहावीची. माझं पण निघालं असतं, खोटं कशाला बोलू. पण ते एकच कारण नव्हतं.”

“मी उपकार मानू का?”

“नको. मी काय साधू नाही. नाला मी बुजवला. ज्यांनी बघायचं त्यांनी तोंड फिरवलं, मी बुजवला. पण एक सांगतो, राग नको मानू. मी टाकलेली भरणी दगडाची होती, वर रोलर फिरवलेला. ती जमीन त्या दिवशी हलली नाही. आजही उभी आहे, जाऊन बघ, वर तीन मजली झालंय. गेली ती तुमची. तुम्ही पुढे घेतलेले चार फूट.”

“गप्प बसा.”

“तुझी आई यायची माझ्याकडे, रुक्मिणी. दादा, एक गाडी आमच्या मागे रिकामी करा. मी म्हटलं, बाई, पुढे नाल्याची धार आहे, नुसत्या डेब्रिजवर टिकणार नाही. ती म्हणाली, फक्त टेबल ठेवायचंय. पोरगी दहावीला जाईल, तिला बसायला जागा नाही.”

श्रुतिकाला घमेलं आठवलं. आठवलं म्हणणं खोटं आहे, ते कुठे गेलं नव्हतं. एप्रिलमधल्या दुपारी, नववीचे पेपर संपलेले. माणिकची गाडी मागे ओतून गेलेली. आई फावड्याने भरत होती आणि ती घमेली उचलून पुढे, नाल्याच्या कडेला, टाकत होती. कोणाच्या तरी घराच्या गुलाबी टाइल्सचे तुकडे होते त्यात, बाहुलीचा पाय, तुटलेलं बेसिन. टाकलं की खाली पाण्यात पडल्याचा आवाज यायचा, मग येईनासा झाला, आणि आई म्हणाली, बघ, जमीन झाली. पायाने दाबून दाबून दोघी नाचल्या होत्या त्या जमिनीवर. कारण त्याआधी महिनाभर श्रुतिका रडत होती. वर्गातल्या गौरीच्या घरी टेबल होतं. तिने जेवण सोडलं होतं दोन दिवस. आईच्या अंगावर पुस्तक फेकून म्हणाली होती, तुमच्या ह्या खुराड्यात कोणी शिकेल का? चौथ्या दिवशी आई माणिककडे गेली होती. भिंत बांधली ती आईने आणि शेजारच्या राधाकाकीने, दोघींनी मिळून, सिमेंट कमी, वाळू जास्त. ती भिंत श्रुतिकाने निळ्या रंगाने रंगवली होती. त्या रंगाचा तुकडा होता तो, ज्याच्यावर तिने माणिकचा हात दाबून धरला होता. निळा. तिने तेव्हाही पाहिला होता निळा. पाहिला होता आणि म्हणाली होती, मार.

“मी कोणाला सांगितलं नाही,” माणिक म्हणाला. “धाकूला कशाला कळायला हवं. बायको गेलेल्या माणसाला...”

आपण ठरवलं नव्हतं, असं श्रुतिका पुढे कधीही म्हणाली नाही. पुरेसा वेळ होता. दंडाखालचा हात तिने काढून कोपराच्या मागे, त्या वर आलेल्या हाडावर नेमका टेकवला. शिक्षणाने जागा शिकवली होती, कुठे कमजोर असतं ते बोटांना माहीत होतं. अंगठा आत दाबला. म्हाताऱ्याने पंख्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. तो ओरडला नाही. त्याने डोळे मिटले, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांचाच तिला असा संताप आला की तिने सगळं अंग त्या हातावर टाकलं. पन्नास, साठ, सत्तर, आणि मग हाताखाली काहीतरी तुटलं. आवाज आधी आला, ओलं लाकूड पिळून मोडावं तसा, आणि किंकाळी नंतर. ती त्याची नव्हतीच असं क्षणभर वाटलं. टेबलावरची चादर ओली झाली, त्याला लघवी झाली होती. हात तिच्या हातात होता, पण तो आता कुठल्याही बाजूला वाकत होता. ह्या वेळी तिला बरं वाटलं नाही. तिने त्या क्षणाची वाट पाहिली, खरंच पाहिली, तोंड उघडं ठेवून. काहीच आलं नाही. नुसतं लादीखालचं पोकळ.

गंधाली पडदा फाडून आत आली. “पप्पा! काय झालं? काय केलंत तुम्ही?”

“रिक्षा बोलवा,” श्रुतिका म्हणाली. “मी मोडला. मुद्दाम.”

गंधालीला ते कळलंच नाही. हाताखाली फळी बांधून, रिक्षात मधे म्हाताऱ्याला धरून दोघी जवळच्या हॉस्पिटलमध्ये गेल्या, तोवर ती सारखी म्हणत होती, घाबरू नका पप्पा, मॅडम आहेत ना बरोबर. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने विचारलं, कसं झालं? श्रुतिकाने तेच परत सांगितलं, त्याच शब्दांत. मग गंधालीला कळलं. तिने पर्स खाली टाकली आणि श्रुतिकाच्या तोंडात मारली. एकदा, दोनदा. चष्मा उडाला. तिसऱ्यांदा तिने हात उचलला, तो तसाच खाली सोडला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. “म्हातारा माणूस हो,” ती रडत म्हणाली, “म्हातारा माणूस. नातवाला एका हाताने झोका देतो.” ओठ फुटून आलेलं रक्त श्रुतिकाने गिळलं. आत स्ट्रेचरवर माणिक इंजेक्शनच्या गुंगीत काही तरी पुटपुटत होता, ते तिला ऐकू आलं नाही आणि ती ऐकायला पुढेही गेली नाही. वॉर्डातल्या पोलिसाने तिचा फोन नंबर आणि पत्ता घेतला, संध्याकाळी चौकीत यायला सांगितलं.

मुलुंडला पोचली तेव्हा चार वाजले होते. बाबा गॅलरीत खुर्चीवर, मांडीवर वर्तमानपत्र पसरून सुका जवळा निवडत बसले होते.

“आज लवकर इलंस गो?” त्यांनी वर पाहिलं. “तोंडाक काय झाला?”

“बाबा, माणिक आला होता माझ्याकडे.”

“खंयचो माणिक?”

“नाल्यावरचा.”

बाबांची बोटं जवळ्यात तशीच राहिली. “जितो आसा?”

“आहे. मी त्याचा हात परत मोडला.”

खालून कोणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज येत राहिला. ती त्यांच्यासमोर लादीवर बसली आणि म्हणाली, “आई पाण्याने गेली नाही, बाबा. मी तुला खोटं सांगितलं. पाणी आलं होतं, पण आपली जमीन उभी होती. ते चार फूट गेले. टेबल होतं तिथले. ती टेबलावर उभी होती मला वर काढायला, आणि खालची लादी गेली. मी मागितलेली जागा होती ती. मी जेवण सोडलं होतं, आठवतं?”

“माका ठाऊक आसा.”

“काय ठाऊक आहे?”

“चार फुटांचा.” बाबांनी जवळ्यातून एक काडी वेचून बाजूला ठेवली, मग दुसरी. “तुझ्या आवशीन माका इचारूक नाय. मी रातपाळी करून घराक इलंय तेवा भिंत उभी झालेली. मी टाच आपटून बघितलंय. आतसून पोकळ आवाज इलो. मी गावचो शेतकरी माणूस, माका जमीन कळता. म्हटलां, उद्या फोडून परत भरूया. पण तू थंय पुस्तका मांडून बसलेलंस. गाणा म्हणत होतंस. मी गप रवलंय. उद्या करूया, परवा करूया.”

“मग त्याला का मारलंस?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांना कधीचं मोतीबिंदूचं पाणी असतं, पण आत्ता ते कोरडे होते, सोललेल्या बीसारखे. “कोणाक तरी मारूक होया होता गो. पाण्याक मारूक येता काय?”

ती ओणवी झाली आणि तिला वाटलं आता आपण रडू, पण तिच्या तोंडातून निघालं ते रडणं नव्हतं, गुरासारखा आवाज होता. तिने कपाळ लादीवर आपटलं. एकदा, परत एकदा. बाबा खुर्चीतून घाईने उठले, जवळा सगळीकडे सांडला, आणि त्यांनी तिचे केस मुठीत धरून डोकं मागे खेचलं, जोरात, मान कचकन वाजेपर्यंत. “पुरो,” ते म्हणाले. “पुरो झाला आता मारणां.” केस त्यांनी बराच वेळ सोडले नाहीत. त्यांच्या हाताला सुक्या मासळीचा वास येत होता. मग त्यांनी आत जाऊन टॉवेल ओला करून आणला आणि तिच्या हातात दिला. पुसायला स्वतः आले नाहीत.

चौकीत जाताना ते बरोबर निघाले. ती नको म्हणाली. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चपला शोधल्या, लिफ्टमध्ये तिच्या आधी जाऊन उभे राहिले. चौकीत लाकडी बाक होता, त्यावर ते बसले, हात गुडघ्यांवर ठेवून, एकेकाळी बसले असतील तसे. हवालदार पन्नाशीचा होता, थकलेला. त्याने सेंटरचं नाव, वेळ, पेशंटचं नाव लिहून घेतलं. “भांडण झालं होतं का काही?”

“नाही. वीस वर्षांपूर्वी ह्याच हाताचं मनगट मी धरलं होतं. वडिलांनी पाइप मारला. वडील आत गेले, मी नाही गेले.”

हवालदाराने पेन थांबवलं. “मॅडम, ती केस संपलेली असणार. आजचं बोला. आज काय झालं, किती वाजता, एवढंच.”

“त्याच्याआधी लादी आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“लादी. नाल्याच्या बाजूची. ती आम्ही भरली होती.”

“मॅडम, ह्या कागदावर ते कुठे लिहू मी?” तो वैतागून म्हणाला, पण वाईट पद्धतीने नाही. “पूर आला, माणसं गेली, ते सरकारचं काम. तुम्ही पेशंटचा हात मोडला, ते माझं काम.”

तिचे हात टेबलावर होते, तळवे वर, आणि उजवा अंगठा अजून आत वळलेला होता, सरळ होत नव्हता. तेव्हा बाकावरून धाकू उठला. गुडघे धरत, सावकाश, टेबलाशी आला. शर्टाच्या कॉलरला, घालताना बोटांवरून लागलेलं, जवळ्याचं एक साल चिकटलेलं होतं.

“सायेब,” तो म्हणाला, “लिवा. ती सांगता ता सगळा लिवा. माझा पण आसा. ती दमली काय मी सांगतंय.”

हवालदाराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बाहेर वाहनांचा गोंगाट चालू होता. त्याने खण उघडला आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा बाहेर काढला.